मदत हवी आहे: जुन्या वर्दीचा कागद, पण टेरिकॉटचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूर भागातल्या माजी सैनिकांसाठी जुन्या वर्दीचा लगदा करून कागद काढायचा आणि त्यावर त्यांनीच युद्धातल्या आठवणींची चित्रं छापायची, असं काम चालू आहे. अमेरिकेत 'कॉम्बॅट पेपर'वाले २००७ पासून हेच करतात.

बिल्ले, बटणं, चेन, इलॅस्टिक आणि शिवणी काढून कापडाचे दोन सेंमीचे तुकडे करतो, धुण्याच्या सोड्यात उकळतो, मग बीटरमध्ये (कापड पाण्यात कुटून लगदा करणारं यंत्र) घालतो. शुद्ध सुती कापड छान फुलतं. अडतं ते टेरिकॉटपाशी, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्र कापडापाशी. पॉलिस्टरचा धागा पाणी धरत नाही, कुटला तरी त्याला लव सुटत नाही, त्यामुळे तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. लगद्यात गुठळ्या होतात आणि ताव जाळीवरून उचलताना कडेला फाटतो. दोरा जाळून कापड ओळखता येतं: सुताची राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी. पण मिश्रणात पॉलिस्टर किती, ते यावरून कळत नाही.

होजिअरीची पांढरी कात्रणं मिसळली की ताव धरतो, पण ऑलिव्ह हिरवा फिका पडतो. रंग घालून तो परत आणायचा नाही, रंग वर्दीचाच हवा.

तर विचारायचं हे:
टेरिकॉट जास्तीत जास्त किती टक्के चालतं? स्क्रीन प्रिंटची शाई फुटू नये म्हणून खळ लगद्यातच घालावी की वाळल्या तावावर? पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, त्यावर काय करता? आणि कोल्हापूर, इचलकरंजी किंवा निपाणीकडे कुणाकडे भाड्याने बीटर मिळेल का? मिक्सरमध्ये तंतू तुटून आखूड होतात, तो उपाय कृपया सुचवू नका.