दंडारीच्या निधीसाठी फाट्यावर लावायचा फलक कसा करावा?

प्रश्न (वडशाजवळच्या गावातून)

आमच्या गावचे दंडार (नाच-गाण्याची लोककला) मंडळ येत्या भाऊबीजेनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, निधी गोळा करण्यास सुरुवात करणार आहे. पोशाख जीर्ण झाले आहेत, ढोलकीची पुडी बदलायची आहे, माईकची जोडणी नवी घ्यायची आहे. एकूण एक लाख रुपये लागतील. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांची दखल बाहेरही घेतली जाते, पण त्याच मातीतली दंडार अजूनही गावकऱ्यांच्या वर्गणीवरच चालते. फाट्यावर आठ बाय चार फुटांचा फलक लावायचे ठरले आहे. त्यावर मंडळाचे नाव, सर्व कलावंतांचे फोटो, आवाहनाचा एक परिच्छेद, क्यूआर कोड आणि पाहुण्यांची नावे असावीत, असे मंडळींचे म्हणणे आहे. मला मात्र शंका वाटते. रंग कोणते घ्यावेत? पिवळ्यावर काळी अक्षरे सर्वांत उठून दिसतात, असे ऐकले आहे.

उत्तर (साकोलीकडील पेंटर)

आपली शंका रास्त आहे. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल शंभर फूट अंतर तीन सेकंदांच्या आत कापते, म्हणजे वाचणाऱ्याला तेवढाच वेळ मिळतो. दर दहा फूट अंतरामागे एक इंच उंचीचे अक्षर, हा फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार शंभर फुटांवरून वाचता यावे म्हणून दहा इंचांचे अक्षर हवे. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार येतात, त्यांना जागा सोडली की चार फुटांत मोठ्या अक्षरांच्या दोनच ओळी बसतात. म्हणून वर फक्त ‘दंडार’ आणि खाली ‘मदत हवी’ एवढेच लिहा. फोटो काढून टाका. उडी घेतलेला एकच नाचा (नाचणारा कलावंत), हातात टाळ, असे सपाट रंगातले चित्र दुरूनही ओळखू येते.

पिवळ्या रंगाबद्दल ऐकलेले खरे असले, तरी मंडईच्या दिवसांत दोन्ही बाजूंचे धान पिकून पिवळे झालेले असते आणि पिवळा फलक त्यात हरवतो. गडद निळ्यावर पांढरी अक्षरे घ्यावीत. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा (गंजरोधक) हात द्यावा. चमकणारा इनॅमल टाळावा, कारण तिरप्या उन्हात अक्षरांवर चकाकी येते.

उत्तर (गोंदिया जिल्ह्यातील शिक्षिका)

क्यूआर कोड फाट्यावर ठेवू नका. चालत्या गाडीवरून तो कोणी स्कॅन करणार नाही. कोडच्या आकाराच्या साधारण दहापट अंतरावरूनच फोन तो टिपतो, त्यामुळे माणसे थांबतात अशा चहाच्या टपरीजवळ वेगळा छोटा फलक करावा. तो हाताने न रंगवता छापून चिकटवावा, चारही बाजूंनी पांढरी जागा सोडावी आणि खाली खात्यावरील नाव लिहावे, म्हणजे वर कोणी दुसरा कोड चिकटवल्यास देणाऱ्याच्या लक्षात येईल.

त्याच फलकावर धानाच्या पन्नास पोत्यांच्या फक्त बाह्यरेषा काढा. प्रत्येक पोते दोन हजारांचे. रक्कम आली की मंडळातील लहान मुलाने ते पोते सर्वांसमोर पिवळे रंगवावे. आपल्याकडे थप्पी लागताना सगळे पाहतात, आणि किती उरले हे वेगळे सांगावे लागत नाही.

मंडळ नोंदणीकृत नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खालील निधी गोळा करण्याच्या परवानगीची चौकशी धर्मादाय कार्यालयात आधी करून घ्यावी. जागेसाठी ग्रामपंचायतीचीही संमती घ्यावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पोत्यांची कल्पना बैठकीत मांडली, तेव्हा सर्वांत ज्येष्ठ कलावंताने पहिले पोते आपले असेल असे सांगितले. पाहुण्यांची नावे फलकावरून काढून मंडईच्या दिवशी माईकवरून घ्यायची, असे ठरले. नाच्याचे चित्र पडदे रंगवणाऱ्या आमच्याच पेंटरकडून करून घेत आहोत; कच्चे रेखाटन तयार झाले की येथे दाखवतो.