मदत हवी आहे: नव्या साईटवर रफार पुढच्या अक्षरावर जातोय, शनिवारच्या आत हवं

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ११:४०)
नमस्कार. एका तालुक्याच्या वाचनालयाची साईट नव्याने करतेय. डिझाईन झालंय, मोबाईलवरही नीट बसतंय, पण मजकुरात रफार आणि पहिली वेलांटी चुकतेय. 'वर्गणी'चं 'वगर्णी', 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम', 'विद्यार्थी'ची वेलांटी तर सुटून शब्दाच्या आधीच येते. मुक्त, बालू, नोटो असे तीन फाँट लावून पाहिले, तिन्हींत तेच. कॅश रिकामी केली. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) नक्की काय लिहायचं असतं? शनिवारी संध्याकाळी कार्यकारिणीची सभा आहे. दिवसभर मी वेब डिझाईनचे वर्ग घेते, रात्रीच बसता येतं. कृपया सरळ उपाय सांगा.

टॅगबंद (बुधवार, सकाळी ७:०५)
साईट कशात केलीय? वर्डप्रेस (साईट चालवायची तयार व्यवस्था) नसेल तर आत्ताच त्यात हलवा. डेटाबेस यूटीएफ-८ एमबी-४ (अक्षरं साठवायची पद्धत) ठेवला की मराठीचा त्रास होत नाही. मी दोन शाळांच्या साईट अशाच केल्या.

निळी_शाई (सकाळी ८:३०)
वर्डप्रेसचा इथे काय संबंध? डेटाबेस चुकला की प्रश्नचिन्हं येतात, रफार सरकत नाही. आणि वाचनालयाला साधं एचटीएमएल (हाताने लिहिलेली पानं) पुरतं. प्लगइन अपडेट करायला तिथे कोण बसलंय?

टॅगबंद (सकाळी ८:४५)
मग नवीन पुस्तकांची यादी दर महिन्याला कोण चढवणार? ग्रंथपाल एचटीएमएल लिहिणार का? साईट देऊन आपण मोकळे होतो, पुढची दहा वर्षं ती त्यांना चालवायची असते.

कृष्णाकाठ (दुपारी १:१५, दोन वर्गांच्या मध्ये)
साधं एचटीएमएल आहे. वर्डप्रेसचं नंतर बघू. रफाराचं कोणी सांगेल का?

जुना_खिळा (दुपारी २:००)
ताई, मजकूर आला कुठून? नव्याने टाईप केलात की जुन्या साईटवरून घेतला? जुन्या साईटवर कोणता फाँट होता? हा सीएसएसचा प्रश्न नाही. फाईलमध्ये अक्षरंच चुकीच्या क्रमाने बसलीत, फाँट बापडा आहे तेच दाखवतोय.

नीलमोहर (दुपारी ४:२०)
शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलंय का? देवनागरीला ते शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. ओळींतलं अंतर १.६ च्या आसपास घ्या, इंग्रजीसाठी ठेवलेल्या १.२ मध्ये खालच्या ओळीचे रफार आणि वरच्या ओळीचे उकार एकमेकांना भिडू शकतात. आणि पानाची भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) लिहा. काही फाँटमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्यामुळेच उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ही गोष्ट फार कमी डिझायनर पाळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं.

कृष्णाकाठ (रात्री १०:५०)
नीलमोहर, भाषेचं लिहिलं नव्हतं, आता लिहिलं. पण 'वगर्णी' तशीच आहे.
जुना_खिळा, जुन्या साईटवरूनच घेतलाय. ती २००३ सालची, टेबलं आणि फ्रेममध्ये बांधलेली. फाँट सुरेख. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नीट दिसायची, क्रोममध्ये मात्र टोप्या-टिंबं लावलेली रोमन अक्षरं दिसतात. एकूण ३३६ पानं. माझ्या बॅचच्या १२ जणांना २८-२८ वाटून दिली, त्यांनी ऑनलाईन कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणली.

जुना_खिळा (रात्री ११:१५)
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मी १९९४ पासून डीटीपी करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये मजकूर डोळ्याला दिसतो त्या क्रमाने साठतो. 'वर्गणी' म्हणजे आधी व, मग ग, मग ग-वर ठेवलेला रफार, मग णी. वेलांटी अक्षराच्या आधी येते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: व, र्, ग, णी. कन्व्हर्टरने चिन्हं बदलली, पण जागा बदलल्या नाहीत, की 'वगर्णी' होते. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालंय का तेही बघा. तिथे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ लागतो.
आता दोन प्रश्न. सगळ्यांनी एकच कन्व्हर्टर वापरला का? आणि नंतर कोणी हाताने दुरुस्त्या केल्या का?

कृष्णाकाठ (रात्री ११:३०)
तीन वेगवेगळे. आणि हो, चारपाच जणांनी प्रामाणिकपणे बसून बरीच पानं हाताने सुधारली.

निळी_शाई (रात्री ११:३५)
सोपं आहे. प्रत्येक 'र्' उचलून त्याच्या डावीकडच्या अक्षराच्याही आधी टाकणारा रेगेक्स (शोधून बदलण्याचा नियम) लिहा. दहा मिनिटांचं काम.

जुना_खिळा (रात्री ११:५०)
चालवू नका! सगळेच रफार चुकलेले असते तर चाललं असतं. इथे अर्धे सुधारलेत. तुमच्या नियमाने 'वगर्णी'ची 'वर्गणी' होईल, पण आधीच बरोबर असलेल्या 'पूर्ण'चं 'र्पूण' होईल. 'र्ण' हे जोडाक्षर खरंही असतं आणि चुकीचंही, हे मशीनला शब्दकोशाशिवाय कळत नाही. मूळ सुरेखमध्ये मात्र रफाराला स्वतंत्र चिन्ह आहे, तिथे शंकाच नाही. म्हणून मूळ पानांपासून पुन्हा सुरुवात करा, सगळी ३३६ एकाच कन्व्हर्टरमधून काढा. आणि फाँटचं पूर्ण नाव बघा. सुरेख डीव्हीबी आहे आणि डीव्हीबीडब्ल्यूही, दोन्हींचा चिन्हांचा तक्ता सारखाच असेल असं धरू नका.

चौथा_तास (गुरुवार, सकाळी ६:५०)
मीही तंत्रनिकेतनात शिकवतो, म्हणून विचारतो. गिऱ्हाईकाचं काम विद्यार्थ्यांकडून करून घेणं योग्य आहे का? चुकलं तर शिकणाऱ्याच्या माथी. मी वर्गात फक्त काल्पनिक साईट देतो.

कृष्णाकाठ (सकाळी ७:३०)
सर, चूक माझी आहे, मुलांची नाही. क्रम कसा बदलतो हे मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना सांगितलं नाही. पानामागे पैसे ठरले आहेत आणि ते मिळतील. पण काल्पनिक साईटवर हे कधी समोर आलंच नसतं. तिथे मजकूर आपणच टाईप करतो, तो नेहमी बरोबरच असतो.
दुसरं सांगायचं राहिलं. जुनं होस्टिंग रविवारी संपलं. नवीन तयार आहे म्हणून वाढवलं नाही. मूळ पानांची प्रत मी ठेवलेली नाही.

टॅगबंद (सकाळी ७:४०)
होस्टिंगवाल्यांना आत्ता फोन करा! बरेच जण मुदत संपल्यावरही काही दिवस फाईली ठेवतात. दुसरं काही करू नका, आधी फोन.

जुना_खिळा (सकाळी ८:१०)
फोन कराच. शिवाय इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (तिथे जुन्या साईटींच्या प्रती ठेवलेल्या असतात) पत्ता टाका. पान सापडलं की पत्त्यातल्या तारखेच्या आकड्यांना लागूनच रोमनमध्ये 'आयडी' आणि अंडरस्कोअर जोडा. मग त्यांची वरची पट्टी न लागता मूळ फाईल जशीच्या तशी मिळते. फ्रेम असल्यामुळे आतली पानं वेगळ्या पत्त्यांवर असतील, तेही लक्षात ठेवा. उतरवताना एडिटरने यूटीएफ-८ म्हणून उघडून सेव्ह केलं तर टोप्या-टिंबांची अक्षरं बिघडतील, म्हणून न उघडता तशीच साठवा.

नीलमोहर (सकाळी ९:००)
जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर ३०१ रिडायरेक्ट (आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) लावलेत ना? लोकांनी खुणा करून ठेवलेली पानं नाहीतर मिळेनाशी होतील.

कृष्णाकाठ (शुक्रवार, रात्री १२:२०)
होस्टिंगवाल्यांकडे काही उरलं नाही. वेबॅकवर २९१ पानं मिळाली. जुन्या चिटणीसकाकांनाही फोन केला होता, त्यांच्या कपाटात २००६ ची सीडी निघाली, तिच्यातून आणखी २७. फाँट डीव्हीबीडब्ल्यू होता, मुलांनी वापरलेल्या तीनपैकी दोन कन्व्हर्टरांना तो येतच नव्हता. आज बॅचला फळ्यावर 'वर्गणी' दोन्ही क्रमांनी लिहून दाखवली आणि ३१८ पानं सगळ्यांनी मिळून एकाच पद्धतीने काढली. वर्गणीच्या पानावर आता 'वर्गणी' लिहिलंय. खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं.
रिडायरेक्ट लावले. राहिलेली १८ पानं दिवाळी अंकांच्या याद्यांची आहेत, त्यांची आमच्याकडे फक्त सरमिसळ झालेली प्रत आहे.

जुना_खिळा (शुक्रवार, सकाळी ६:१५)
ती १८ हाताने करा. आधी शब्दाच्या शेवटी आलेला 'र्' शोधा, 'वषर्'सारखा. मराठीत शब्द तसा संपत नाही, म्हणून ते डोळे झाकून बदलता येतील. शब्दाच्या पोटातले मात्र एकेक वाचून. चारचार पानं सगळ्यांना पाठवा, मी आज दुपारी चार घेतो.

चौथा_तास (सकाळी ६:४०)
मलाही चार द्या.