नवीन सॉल्टवॉटर टँक आणि 'समुद्र फुकट आहे' वाली मंडळी

खेकडा_कोथरूड: परवा एकाने लिहिलंय की मुंबईत राहून रीफ सॉल्टची (समुद्री टाकीसाठीच्या तयार मिठाची) बादली विकत घेणारे येडे आहेत, भरतीला वर्सोव्याला जा, कॅन भरा, पंचातून गाळा आणि ओता टाकीत. वर लाइक्सचा पाऊस. अहो वर्सोव्याला मालाडची खाडी येऊन मिळते, माहीमला मिठी, वरळी-वांद्र्याला सांडपाणी समुद्रात सोडणारे पाइप, आणि पंचाने काय अमोनिया गाळला जातो का? पावसाळ्यात तर किनाऱ्याजवळ खारेपणाही खाली येतो. नवीन टाकी आहे ना, मग आरओ-डीआयचं पाणी घ्या (आरओनंतर डीआय रेझिनमधून काढून उरलेले क्षारही घालवलेलं), मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य, त्यात मीठ टाका (मिठावर पाणी नाही, पाण्यात मीठ, नाहीतर कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो), दोनशे लिटरला साधारण 7 किलो लागतं, पंप लावून रात्रभर फिरू द्या, खारेपणा 35 पीपीटी (किलोला 35 ग्रॅम), म्हणजे विशिष्ट घनता 1.026 च्या आसपास आली की भरा. नळाचं पाणी क्लोरीन काढून चालेल म्हणणारेही आहेत, पण सिलिकेट-फॉस्फेट जात नाही त्याने, मग महिन्याभरात शेवाळाचा तपकिरी थर आला की इथेच फोटो टाकतात 'हे काय आहे' म्हणून.

रत्नांग्रीकर: पुण्यात बसून समुद्राचं ज्ञान, व्वा. तारापोरवाला मत्स्यालय 1951 ला मरीन ड्राइव्हवर समुद्राला लागून बांधलं ते काय हवा खायला? कोकणातल्या कोळंबीच्या हॅचऱ्या समुद्राच्याच पाण्यावर चालतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पोवळी आहेत, त्यांना कोणी डीआय रेझिन बसवून दिलंय? आमचा आतेभाऊ मिरकरवाड्याला असतो, बोटीवरून पाणी आणतो, त्याचे क्लाउन मासे (ते निमोवाले) अंडी घालतायत. आणि तुम्ही बादलीभर मिठाला हजारो रुपये मोजा.

खेकडा_कोथरूड: आतेभावाचे क्लाउन हा पुरावा नाही. क्लाउन कशातही जगतात. हॅचरीत पाणी आधी साठवतात, सँड फिल्टरमधून काढतात, ब्लीचिंग मारतात, मग थायोसल्फेटने क्लोरीन काढतात. तुमच्या पंचात यातलं काय आहे?

अनघा_ठाणे: मी सांगते ना पुरावा. एका दुकानात 'समुद्राचं पाणी' म्हणून कॅन मिळायचे, जुलैमध्ये घरी आणून रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) लावला तर 24 पीपीटी. दुकानदार म्हणतो ताई तुमचं मशीन खराब आहे. त्याच मशीनवर माझं मिक्स केलेलं पाणी 35 दाखवत होतं.

कल्याण_स्लो: नवीन आहे, रागावू नका. किचनमध्ये चांगला प्युरिफायर आहे, आरओ आहे, तांब्याचं कार्ट्रिज पण आहे, तेच भरू का?

अनघा_ठाणे: नाही नाही नाही!! तांबं म्हणजे श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळ्यांना विष. माशांचा इक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) घालवायला वेगळ्या टाकीत कॉपर वापरतात ते त्याच्यातले परजीवी मरतात म्हणूनच. आणि बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस शून्य कधी येतच नाही.

वाकडचा_टँकर: विषय निघालाच आहे तर. घरचा आरओ एक लिटर देतो आणि तीन लिटर गटारात घालवतो. आमच्या सोसायटीत एप्रिल लागला की टँकर सुरू, माणसांना पाणी वेळेवर, आणि इथे निमोसाठी दोनशेला सहाशे लिटर वाया. 2019 मध्ये हरित लवादाने सांगितलं होतं की टीडीएस पाचशेच्या खाली असेल तिथे आरओ नकोच. धरणाचं गोडं पाणी येतं तुमच्याकडे, लाज वाटत नाही?

खेकडा_कोथरूड: तो आदेश पिण्याच्या पाण्याबद्दल होता. आणि वाया कोण घालवतंय? शंभर टीडीएसचं पाणी आत गेलं तर रिजेक्ट, म्हणजे मशीन बाहेर टाकतं ते पाणी, एकशेतीस-पस्तीसचं निघतं, त्याने लादी पुसा, झाडांना घाला, कपडे भिजवा. तुमच्याकडच्या बोअरपेक्षा चांगलं असेल.

वाकडचा_टँकर: सहाशे लिटरने लादी पुसता? बंगला आहे का तुमचा?

खेकडा_कोथरूड: एकदाच लागतं, ड्रममध्ये साठवून! नंतर फक्त उडालेलं पाणी आणि थोडा वॉटर चेंज. तुमच्या सोसायटीत पाइप लावून गाड्या धुतात त्याचं काय? आधी चेअरमनला विचारा, मग माझ्या टाकीकडे या.

वाकडचा_टँकर: चेअरमन मीच आहे.

अनघा_ठाणे: 😂 झालं, आता मेंटेनन्सवर येऊ या.

उरणचा_पोरगा: एवढं भांडण कशाला, मिठागरातलं खडे मीठ घ्या, समुद्राचंच आहे, किलोला कितीसे पैसे.

खेकडा_कोथरूड: देवा. मिठागरात आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम त्या उरलेल्या कडू पाण्यात राहतं जे तुम्ही सोडून देता. ते मीठ परत विरघळवलंत तर खारट पाणी मिळेल, समुद्र नाही. समुद्रात लिटरला मॅग्नेशियम 1300 मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम चारशेच्या वर असतं, तेवढं कुठून आणणार?

उरणचा_पोरगा: बरं सर. आमचे आजोबा मिठागरावरच होते, त्यांना हे सांगायला हवं होतं तुम्ही.

रत्नांग्रीकर: चला, मुंबईचं पाणी नको, हे मान्य करतो, तसंही तिथलं पाणी आम्ही पाय धुवायलाही घेत नाही. पण ऑक्टोबर ते मे, खाडीपासून लांब, बोटीतून आत जाऊन आणलेलं, ब्लीच करून क्लोरीन काढलेलं पाणी तुमच्या बादलीपेक्षा काडीचं कमी नाही. बोला.

खेकडा_कोथरूड: बोट आहे, आतेभाऊ आहे, पाणी तपासायचं किट आहे, तर जरूर वापरा. ज्याच्याकडे बोट नाही त्याने मीठ घ्यावं. त्या पोस्टवाल्याने वर्सोवा लिहिलं होतं, मिरकरवाडा नाही.

रत्नांग्रीकर: मिळाली एकदाची परवानगी, पुणेकरांची.

कल्याण_स्लो: सर एक शेवटचं. एसीच्या नळीतून रोज बादलीभर पाणी पडतं, ते डिस्टिल्डच झालं ना?

अनघा_ठाणे: एसीची कॉइल कशाची असते दादा?