डेस्कटॉपमध्ये टेंपरेचर सेन्सर नेमके कुठे लावायचे?

म्हापसेकर: माझ्या मदरबोर्डाला थर्मिस्टरसाठी (तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी) दोन-पिनांचे दोन हेडर, म्हणजे वायर जोडायच्या जागा आहेत, १० किलोओहमवाले प्रोब (वायरच्या टोकाला असलेले असे सेन्सर) मागवलेत, पण लावायचे कुठे? एक सीपीयू आणि त्याला थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या मधे घालू का? मे महिन्यात इथे खोलीच एवढी तापते की केसचे फॅन दिवसभर बोंबलत असतात.

फोंड्याचा: मधे अजिबात घालू नको रे, हीटसिंक नीट टेकणार नाही आणि सीपीयू उलट जास्त तापेल. सीपीयू आणि जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डच्या प्रोसेसरच्या) चिपमध्ये स्वतःचे सेन्सर असतातच, ते सॉफ्टवेअरमध्ये दिसतात, तू प्रोबने हवा मोज. एक पुढच्या इनटेक (हवा आत ओढणाऱ्या) फॅनपाशी, दुसरा मागच्या एग्झॉस्टच्या (हवा बाहेर टाकणाऱ्या फॅनच्या) जरा अलीकडे. टोक हवेत मोकळं सोड, पत्र्याला टेकलं की पत्र्याचं तापमान येतं. वायर मात्र टेपने घट्ट बांध, पंख्यात गेली तर संपलं.

मडगावकर: गेमिंग करत असशील तर दुसरा प्रोब एग्झॉस्टपेक्षा जीपीयूच्या फॅनसमोर लाव, कार्ड जी हवा ओढतं ती किती गरम आहे ते तिथेच कळतं. आणि नुसता आकडा बघू नको, दोन्ही प्रोबमधला फरक बघ. खोली ३३ अंश असेल तर कुठलाही फॅन आत ३२ करणार नाही. लोड तोच असताना फरक वाढत चालला तर आधी फिल्टर काढून धूळ झाड, आपल्याकडे दमट हवेत ती चिकटूनच बसते.

म्हापसेकर: ओके, मग केस फॅनचा स्पीड कशावर सेट करू?

मडगावकर: जीपीयूजवळच्या प्रोबवर. सीपीयूचं तापमान क्षणात उड्या मारतं, फॅनही तसेच वरखाली होतात, हवेचं हळू बदलतं म्हणून आवाज एकसारखा राहतो.