कामाच्या ठिकाणची सुरक्षितता शिकवताना आलेले अनुभव

चकचावी:
भाच्याला आयटीआयत टर्नरसाठी, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापण्याच्या कामासाठी, प्रवेश मिळाला. त्याने नव्या गणवेशातला फोटो पाठवला, त्यात मनगटावर गोंड्याची राखी पाहिली आणि निदेशक म्हणून काढलेले सगळे श्रावण आठवले. लेथच्या फिरत्या चकमध्ये, म्हणजे धातूचा तुकडा पकडणाऱ्या जबड्यात, अडकलेला दोरा तुटून जाईल असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात नायलॉनचा दोरा तुटण्याआधी हात आत ओढला जातो. राखी कापा म्हटले की मुले दुखावतात, म्हणून ती सोडून खिशात ठेवायला सांगत असे. सुरुवातीला यंत्र बंद ठेवून चकला चावी लावणे आणि काढणे एवढेच करवून घेई, कारण चकमध्ये विसरलेली चावी यंत्र सुरू होताच कोणाच्या अंगावर उडेल याचा नेम नसतो. आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

भाकरतुकडा:
माझ्याकडे दरवर्षी एकच प्रश्न येतो: भिंतीवरच्या फलकात हातमोजे घाला असे लिहिले असताना लेथवर आणि ड्रिलवर ते काढायला का सांगता? प्रश्न रास्त आहे. पत्रा उचलताना जो मोजा हात वाचवतो, तोच फिरत्या ड्रिलमध्ये गुंतून हात घेऊन जातो, आणि हे सांगणारा फलक मी अजून पाहिलेला नाही.

ठिणगी:
वेल्डिंगमध्ये आर्क, म्हणजे तो झगझगीत प्रकाश, बहुधा बघ्यांच्या डोळ्यांना लागतो, कारण काम करणाऱ्याच्या तोंडावर मास्क असतो. दुपारी पाहिलेल्या प्रकाशाचा त्रास रात्री सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, आणि मुलाला दोन्हींचा संबंध लागत नाही. घरी बटाट्याच्या चकत्या ठेवतात; नेत्रतज्ज्ञाकडे जाणे बरे.

कांदेपोहे:
आमच्याकडे त्या चकत्यांवर आजी तूपही लावत असत! कुकर लावला आहे, सविस्तर नंतर लिहिते.

दोन_बटणे:
पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्राला, दोन बटणे असतात, ती दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणजे ठोका पडताना एकही हात डायखाली (साच्याखाली) राहत नाही, हे आमच्या मुलांना तोंडपाठ असते. तरीही पहिल्या नोकरीत, नगावर मजुरी देणाऱ्या एखाद्या शेडमध्ये, एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले त्यांना दिसते आणि ती गप्प बसतात. म्हणून आता मी वर्गात बोलण्याचा सराव घेतो. एक मुलगा सुपरवायझर होतो, दुसऱ्याने त्याला म्हणायचे, "साहेब, बटण दुरुस्त होईपर्यंत मला दुसरे काम द्या." नुसता नकार दिला तर मुलगा दाराबाहेर जातो, दुसरे काम मागितले तर निदान बोलणे सुरू राहते.

गेटपास:
सर, क्षमा असावी, परंतु कंत्राटदाराकडून कामाला लागलेल्या मुलाने असे वाक्य उच्चारले, तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास निघत नाही. मी ठेकेदारीत काम केले आहे.

दोन_बटणे:
आपले म्हणणे खरे आहे. त्यामुळेच एकट्याने न बोलता एखाद्या जुन्या ऑपरेटरला सोबत घेण्यास सांगतो. सगळीकडे जमत नाही.

चकचावी:
१९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम २२ मध्ये, हलत्या भागामुळे इजा होण्याचा धोका असेल तर अठरा वर्षांखालील मुलांना यंत्राची सफाई किंवा तेलपाणी करू देण्यास मनाई होती. गंमत अशी की नव्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी फडके आणि तेलाचा डबा दिला जातो.

फ्यूजवाले_काका:
वीजतंत्रींसाठी आमचा एकच दंडक होता: दुरुस्तीला जाताना फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, शेजाऱ्याकडेही द्यायचा नाही. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, आमच्याकडे घोषवाक्य स्पर्धा होत असे. बक्षिसापेक्षा वडापावाला गर्दी अधिक.

कांदेपोहे:
कुकर उतरला. माझ्या मुलीला फिटरला प्रवेश मिळाला आहे आणि तिला जाड चष्मा आहे. ग्राइंडरवर तोच चालेल का?

भाकरतुकडा:
नाही ताई. चष्म्यावरून बसणारा, बाजू झाकणारा गॉगल मिळतो, तो घ्या. वेणीही टोपीत खोचायला सांगा.