गच्चीवरच्या वाऱ्यात टोमॅटोची रोपं लावू की थांबू?

जुळे_सोलापूरची_गच्ची:
ट्रेमध्ये टोमॅटो, वांगी, मिरची टाकली होती. टोमॅटो वीतभर झालाय पण शेलाटा, मिरचीला जेमतेम चार पानं. गच्ची तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला सगळं मोकळं. आखाडातला वारा असा सुटलाय की दोरीवर कपडे टिकत नाहीत. रंगाच्या २० लिटरच्या बादल्या भोकं पाडून तयार आहेत, माती गावाकडची काळी. आत्ता लावू की वारा पडेपर्यंत थांबू? काठी केव्हा द्यायची? सासूबाई म्हणतात, आधार लवकर दिला की रोप आळशी होतं.

मोहोळचा_रोपवाला:
ताई, वारा पडायची वाट बघाल तर ट्रेच्या कप्प्यात मुळं गोल गोल फिरून बसतील. टोमॅटो आणि वांगी लावा, मिरची सहा पानांची होऊ द्या. पण ट्रे एकदम गच्चीवर नको. आठवडाभर बाहेरची सवय लावा: आधी तासभर कोवळं ऊन, मग वाढवत न्या. पाणीही हात राखून द्या.

शेलाट्या टोमॅटोची चिंता सोडा. खालची पानं खुडून देठ खोल गाडा, वर शेंड्याची चार पानं राहिली तरी पुरे. गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. वांगी-मिरचीला मात्र हा प्रयोग नको, ती ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर.

लावणी ऊन कलल्यावर, आणि काठी रोपाच्या आधी! मागाहून खुपसली की मुळं तुटतात. सासूबाईंचं निम्मं खरं आहे हं. हलणाऱ्या रोपाचाच देठ जाड होतो. म्हणून आवळून बांधायचं नाही. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या.

अक्कलकोट_रोड_काका:
निव्वळ काळी माती बादलीत? अजिबात नको. ओली असताना चिकट गोळा, सुकली की भेगा, आणि भेगांत मुळं तुटतात. घमेलंभर माती, घमेलंभर कुजलेलं शेणखत, तेवढंच धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, तेव्हा निचरा नसेल तर रोपं पाण्यात उभी राहतील. भोकं करंगळी जाईल एवढी हवीत.

काठ्या विकत कशाला? गावी तूर असेल तर तुराट्या आणा, लहान रोपाला झकास. टोमॅटो कमरेएवढा झाला की मग तीन बांबू तिरके रोवून वर एकत्र बांधा. बांधायला सुतळी नको, वाऱ्यात घासून देठ सोलते. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात सुती चिंध्या निघतात, त्या मऊ असतात. सोलापुरात राहून एवढा फायदा नको घ्यायला?

जुळे_सोलापूरची_गच्ची:
तुराट्या दिराकडून मागवते. पश्चिमेच्या कठड्याला जुना पत्रा उभा केला तर?

मोहोळचा_रोपवाला:
पत्रा नको, वारा वरून येऊन मागे भोवरे घालतो. ५० टक्क्यांची शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, ताणून बांधा, ती वाऱ्याचा जोर मोडते. बादल्या एकमेकींना खेटून ठेवा. दुपारी पानांनी मान टाकली की लगेच पाणी ओतू नका. बोट खुपसून बघा. आत ओल असेल आणि दिवस मावळता पानं उभी राहिली, तर रोप ठीक आहे. सकाळीही मलूल दिसलं तर फोटो टाका.