मदत हवी आहे: सांगलीत चार पिढ्यांचं घर, सासू-सासऱ्यांची खोली खाली की वर?

नमस्कार मंडळी,

सांगलीतलं जुनं घर पाडून त्याच जागेवर नवीन बांधतोय. प्लॉट ३० बाय ५०, रस्ता पूर्वेला. राहणार सातजण: सासरे (८४), सासूबाई (७९, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत), हे, मी, मुलगा-सून आणि साडेतीन वर्षांचा नातू. मुलगा-सून घरूनच काम करतात. त्यांची मीटिंग आणि सासऱ्यांचं टीव्हीवरचं कीर्तन एकाच वेळी रंगात येतं!

एरवी वयस्कर खाली आणि तरुण वर, इतकं सोपं होतं. पण आमची गल्ली पुराच्या पट्ट्यात येते. २०१९ ला घरात कंबरेच्या वर पाणी होतं, २०२१ ला ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं. त्यामुळे आर्किटेक्ट दोन पर्याय देतात.

पहिला, जोतं तीन फूट उचलायचं. पण व्हीलचेअरसाठी रॅम्प १:१२ उताराचा लागतो, म्हणजे तीन फुटांना ३६ फूट लांबी, शिवाय मध्ये सपाट टप्पा. समोर जेमतेम दहा फूट सुटतात, त्यात गाडी. रॅम्प वळवून वळवून बसवला तर अंगण उरतच नाही. आणि २०१९ सारखं पाणी आलं तर तीन फूट जोतंही कमीच पडणार.

दुसरा, खाली नुसतं पार्किंग, राहणं सगळं वर, आणि लिफ्ट. हे ऐकून सासरे म्हणाले, "दारात बसून येणारा-जाणारा दिसला नाही तर मी काय भिंतीकडं बघत बसू?" मला त्यांचं पटतं. त्यांच्या दिवसातले चार तास ओट्यावरच जातात. ते वर नेऊन बसवले तर सुरक्षित राहतील, पण कोमेजतील.

दुसरा गुंता स्वयंपाकघराचा. सुनेला वरच्या मजल्यावर छोटा ओटा हवाय, रात्री-अपरात्री चहा, नातवाचं दूध वगैरे. सासूबाईंच्या कानावर गेलं आणि "वेगळी चूल मांडायची तर सरळ सांगा" सुरू झालं. हे नेहमीप्रमाणे पेपरात डोकं घालून बसले.

पूरपट्ट्यात ज्यांनी असं घर बांधलंय त्यांचे अनुभव हवेत. लिफ्ट वीज गेल्यावर काय करते? वास्तुशास्त्राचे सल्ले कृपया नकोत, ते द्यायला घरात पाहुण्यांची रांग आहे.

प्रतिसाद १
ताई, आम्ही कोल्हापूरचे, २०१९ नंतर स्टिल्ट (खाली नुसते खांब आणि पार्किंग) करून वर गेलो. पुरात वीज कंपनी भागाचा पुरवठाच बंद करते, तेव्हा लिफ्टवर भिस्त नको. लिफ्टला एआरडी घ्या, वीज गेली की ती बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडते. हायड्रॉलिक घेणार असाल तर तिचा पंप सहसा खालीच असतो, पाण्यात गेला तर खर्च मोठा. मोटर वर असलेली बघा. मीटर आणि इन्व्हर्टरही वरच.
काकांसाठी पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला खोल गॅलरी काढा, कठडा भिंतीचा नको, गजांचा करा. खुर्चीत बसल्यावर रस्ता दिसला पाहिजे. आमचे बाबा आता वरून भाजीवाल्याशी घासाघीस करतात.

प्रतिसाद २
बांधकामातला आहे म्हणून सांगतो. दारं तीन फुटी ठेवा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा, आत कुणी पडलं तर आत ढकलायचं दार उघडत नाही. तिथे उंबरठा नको, उतार द्या. आधाराचे दांडे जिथे येणार तिथे भरीव विटा लावून घ्या, हलक्या ब्लॉकमध्ये खिळवलेला दांडा वजन पडलं की उखडतो. वरच्या ओट्याची पाण्याची आणि सांडपाण्याची लाईन आत्ताच टाकून बंद करून ठेवा. त्याला 'पँट्री' म्हणा, चूल म्हणू नका :)

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. गॅलरीचं सासऱ्यांना सांगितलं, "गज किती उंच?" इथवर आलेत, म्हणजे निम्मं काम झालं. 'पँट्री' शब्दावर सासूबाई अजून विचार करतायत. जिन्याचं तेवढं सांगा: दहा फूट उंचीला सहा इंची वीस पायऱ्या धरल्यात, दहा-दहाच्या दोन धावा. रुंदी साडेतीन फूट ठेवली तर लिफ्ट बंद असताना स्ट्रेचर वळेल का, की चारच करू?